साथीला कोण?

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. मागच्या सीटवर काकूंना डुलकी लागली होती आणि पुढे माझ्या शेजारी काका. काकांनी उभं आयुष्य शाळेत गणित शिकवलं आणि संध्याकाळी, भजनी मंडळापासून नाट्यगीतांच्या कार्यक्रमापर्यंत, जिथून बोलावणं येईल तिथे जाऊन पेटीची साथ केली. खंबाटकीच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. मी मोबाइलवर हाउलिन वुल्फ, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातला जुना गायक, लावला होता, काकूंची झोप मोडू नये इतपत आवाजात. माझी ही गाणी लागली की काका एरवी खिडकीबाहेर बघत बसतात. त्या दिवशी त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली. गाणं संपल्यावर म्हणाले, "परत लाव गं ते." दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाले, "गाणारा दांडगाच आहे. पण तो मागे गिटार वाजवतोय ना, तो कोण?" मी सांगितलं, ह्यूबर्ट समलिन. त्यांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा डोळ्यांजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. तिथे गाण्याचं नाव होतं आणि हाउलिन वुल्फचं नाव होतं.

"मग इथं लिहिलेलं का नाही?"

यावर सांगण्यासारखं बरंच होतं. पन्नास-साठच्या दशकातल्या छोट्या रेकॉर्डच्या गोल कागदावर गायकाचं नाव आणि कंसात गीतकाराचं नाव यापलीकडे काही छापत नसत, कुठल्या दिवशी कोण वाजवायला आलं होतं याच्या नोंदी धड ठेवलेल्या नसत, त्या पुढे अभ्यासकांनी चिकाटीने जुळवत आणल्या, आणि आता सगळं मोबाइलवर आल्यापासून रेकॉर्डच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा मजकूरच नाहीसा झाला. हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण ज्याने घरात पेटीशेजारच्या लाकडी पेटाऱ्यात जुन्या निमंत्रणपत्रिका जपून ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक पत्रिकेवर खाली बारीक अक्षरात का होईना 'संवादिनी' या शब्दापुढे ज्याचं नाव आहे, त्या माणसाला यातलं काहीच पटणार नव्हतं. घरी परतल्यावरही तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

आपल्याकडे मैफल सुरू व्हायच्या आधी निवेदक साथीदारांची नावं सांगतो. सवाईच्या मंडपात हजारो माणसं बसलेली असतात, तरीही तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर मागे कोण बसलंय हे सांगितल्याशिवाय षड्ज लागत नाही. गाणं रंगात आलं की मुख्य गायक मधेच हात करून पेटीवाल्याला जागा देतो, त्याने एखादी सुरेख जागा घेतली की मान वळवून दाद देतो, आणि ती दाद लोकांनाही दिसते. लहानपणी काकांबरोबर गणपतीतल्या कार्यक्रमांना जायचे तेव्हा मी गायकाकडे बघतच नसे. काकांचा डावा हात भात्यावर कसा चालतो आणि गायिकेने तान कुठे सोडली की त्यांच्या उजव्या हाताची बोटं ती कशी उचलतात, याकडेच माझं लक्ष. म्हणून बहुधा पुढे कॉलेजात असताना एका मित्राच्या खोलीवर शिकागोचे ब्लूज पहिल्यांदा ऐकले तेव्हाही कान आपोआप मागेच गेला. नाव घेतलं म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. गायकाच्या आणि साथीदाराच्या बिदागीत काय अंतर असतं ते काकांकडून ऐकलेलं आहे. तरी नाव घेतात. अमेरिकेतल्या ज्या संगीतावर माझा एवढा जीव आहे, तिथे अनेकदा तेही राहून गेलं.

हाउलिन वुल्फ, म्हणजे चेस्टर बर्नेट. १९१०चा जन्म, मिसिसिपीतला. सहा फुटांच्या वर उंची, पावणेतीनशे पौंडांच्या पुढे वजन, आणि आवाज असा की छातीतून खडबडत येतो आणि मधेच चिरत वर जाऊन लांडग्यासारखा हूक देतो. मोठा होईपर्यंत त्याला नीट लिहिता-वाचता येत नव्हतं. शिकागोत आल्यावर, नाव झाल्यावर, तो प्रौढांच्या वर्गाला बसून शिकला. बँडमधल्या माणसांच्या पगारातून सामाजिक सुरक्षेचे आणि बेकारी विम्याचे पैसे तो रीतसर भरत असे. क्लबांमध्ये रात्री वाजवून रोख पैसे खिशात घालणाऱ्या त्या काळातल्या त्या धंद्यात हे फार दुर्मीळ होतं. वादकांनी कामावर पिऊन आलेलं त्याला खपत नसे. या माणसाच्या मागे वीस वर्षांहून जास्त काळ एक सडपातळ, हसऱ्या चेहऱ्याचा मुलगा गिटार घेऊन उभा होता, तो समलिन.

त्यांच्या पहिल्या भेटीची गोष्ट समलिन स्वतःच रंगवून सांगत असे. आर्कन्सॉतल्या एका गावाबाहेरच्या गुत्त्यात वुल्फ गायला आला होता. आत जायचं वय नव्हतं, म्हणून हा पोरगा बाहेर सोड्याच्या बाटल्यांचे खोके एकावर एक रचून खिडकीतून डोकावत होता. खोके घसरले आणि पोरगा खिडकीतून थेट आत, गाणाऱ्याच्या अंगावर. लोक त्याला हाकलायला निघाले तेव्हा वुल्फने थांबवलं, स्वतःजवळ बसवून घेतलं, आणि कार्यक्रम संपल्यावर घरी पोचवून आईला सांगितलं की याला मारू नका. १९५४च्या सुमारास त्याच वुल्फने त्याला शिकागोला बोलावून घेतलं. स्टेशनवर घ्यायला ओटिस स्पॅन आला होता, मडी वॉटर्स या शिकागोतल्या दुसऱ्या मोठ्या ब्लूज गायकाच्या बँडमधला पियानोवाला. या दोन बँडांत चढाओढ होती, आणि तरी एकाच्या माणसाला दुसऱ्याचा माणूस उतरवून घ्यायला जात होता. पुढे मडीने जास्त पैसे देऊन समलिनला पळवलंही. काही महिन्यांत तो वुल्फकडे परत आला.

सुरुवातीला तो प्लेक्ट्रमने, म्हणजे तारा छेडायच्या चपट्या नखीने, वाजवत असे, आणि वुल्फ गात असताना गिटार त्याच्या आवाजावर येत असे. वुल्फ त्याला म्हणाला, ते टाक आणि बोटांनी वाजव. घरी जाऊन त्याने तेच केलं आणि त्याला त्याचा सूर सापडला. हे ऐकायचं असेल तर १९६४चं 'किलिंग फ्लोअर' हेडफोन लावून ऐकायला हवं. त्या दिवशी गाडीत लागलं होतं तेही हेच. आवाज यायच्या आधी गिटार येते. जोडीजोडीने स्वर पायऱ्या उतरतात, खाली क्षणभर टेकतात आणि पुन्हा वर. त्या उतरण्यात एक घाई आहे, पण धाप नाही. मग वुल्फ येतो. कत्तलखान्याच्या फरशीचं नाव घेऊन, या बाईला मी केव्हाच सोडून जायला हवं होतं अशी हळहळ करणारं ते गाणं आहे. शब्द तेवढेच, तेच तेच. पण खाली ती गिटार चालू आहे म्हणून तो माणूस खरोखर दाराशी उभा आहे, जाऊ की नको या घालमेलीत आहे, हे कळतं. प्लेक्ट्रमचा सूर टोकदार निघाला असता. इथे बोटाच्या मांसाचा स्पर्श ऐकू येतो, तार दाबून सोडल्यावर ती किंचित उसळते तेही ऐकू येतं. गायक थांबला की गिटार बोलते, गायक बोलला की ती बाजूला होते पण निघून जात नाही. काकांनी नेमकं हेच पकडलं होतं. तो वाजवतो त्याहून जास्त ऐकतो, असं ते म्हणाले. अमेरिकेतल्या ब्लूजबद्दल काहीही न वाचलेल्या माणसाने घाटात गाडी अडकलेली असताना हे बोलावं, याचं मला फार कौतुक वाटलं.

त्या गाण्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९६७ साली अमेरिकेतल्या माँटेरीच्या महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने आपल्या कार्यक्रमाची सुरुवातच 'किलिंग फ्लोअर'ने केली, कितीतरी वाढवलेल्या लयीत. १९६९मध्ये इंग्लंडच्या लेड झेपलिन या रॉक बँडने आपल्या दुसऱ्या रेकॉर्डवर 'द लेमन साँग' काढलं. त्यात वुल्फच्या ओळी होत्या, वळण तेच होतं, आणि श्रेयात नावं बँडमधल्या चौघांची. वुल्फच्या गाण्यांचे हक्क असलेल्या आर्क म्युझिकने १९७२ साली दावा लावला, तडजोड झाली आणि नंतरच्या आवृत्त्यांवर चेस्टर बर्नेट हे नाव आलं. यायलाच हवं होतं. पण त्या गाण्याची ओळख पटते ती कशावरून? पहिल्या काही सेकंदांत, शब्द यायच्या आधीच, आपल्याला कळतं की हे तेच आहे. ते कळतं समलिनच्या बोटांमुळे. आणि तडजोडीत त्या बोटांचा प्रश्नच नव्हता. हक्कांच्या हिशेबात गाणं म्हणजे शब्द आणि चाल. साथीदाराने जे रचलं ती सजावट, तेवढ्या दिवसाची मजुरी दिली की संपलं. ख्यालात बंदिशीचे शब्द दोन ओळींचे असतात आणि तरी आपण तासभर बसतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा हिशेब किती अपुरा आहे हे वेगळं सांगायला नको.

समलिनच्या बोलण्यात याची तक्रार फारशी सापडत नाही, आणि हे मला जास्त बोचतं. वुल्फबद्दल तो मुलाने बापाबद्दल बोलावं तसं बोलायचा. दोघांत भांडणंही तशीच. एकदा दात पडेपर्यंत मारामारी झाल्याचं तोच सांगत असे. १९७६च्या जानेवारीत वुल्फ गेला तेव्हा समलिन पार खचला. सावरून स्वतःच्या नावाने वाजवायला लागायला त्याला वेळ लागला. २०११च्या डिसेंबरमध्ये तो गेला आणि अंत्यविधीचा खर्च मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी केला. या दोघांनी १९६५ साली, त्यांच्या रोलिंग स्टोन्स या बँडची चलती असताना, अमेरिकेतल्या दूरदर्शनच्या कार्यक्रमात वुल्फला बोलवायला लावलं होतं आणि तो गात असताना ते त्याच्या पायाशी बसले होते. त्यांनी ऋण मानलं, हे खरं. पण ऋण मानणं हा ज्याच्या त्याच्या मनाचा मोठेपणा झाला. समलिनला ते हक्काने मिळायला हवं होतं.

पियानोवाल्या जॉनी जॉन्सनची गोष्ट याहून सरळ आहे आणि म्हणून जास्त अवघड.

१९५२ची ३१ डिसेंबरची रात्र. ईस्ट सेंट लुईसच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये जॉन्सनच्या तिघांच्या बँडचा कार्यक्रम ठरलेला आणि सॅक्सोफोनवाला आजारी पडलेला. पियानो जॉन्सनचा, बँड जॉन्सनचा. ऐनवेळी कोणीतरी हवं म्हणून त्याने चक बेरी नावाच्या एका गिटारवाल्याला निरोप धाडला. बेरी आला तो राहिलाच. त्याच्याकडे शब्द होते, लोकांना खिळवून ठेवायची कला होती, आणि धंद्याची जाण होती. हळूहळू बँड त्याचा झाला, आणि त्याबद्दल जॉन्सनची काही हरकत नव्हती. त्याचा स्वभाव मागे बसणाऱ्याचा होता. १९५५च्या मे महिन्यात शिकागोला चेस बंधूंच्या रेकॉर्ड कंपनीत त्यांनी 'आयडा रेड' या जुन्या लोकगीताच्या वळणावरचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेच 'मेबलीन'. रॉक अँड रोल नावाची जी गोष्ट जगभर गेली तिच्या अगदी मुळाशी असलेल्या गाण्यांपैकी एक.

त्या गाण्याच्या श्रेयात बेरीच्या जोडीला दोन नावं लागली. ॲलन फ्रीड, रेडिओवर रेकॉर्ड वाजवणारा निवेदक. आणि रस फ्राटो, चेसच्या ओळखीतला स्टेशनरीचा व्यवसाय करणारा माणूस. गाणं रेडिओवर वाजावं, देणीघेणी मिटावीत, यासाठीचे हे व्यवहार. पुढे फार वर्षांनी ती नावं निघाली. बेरीवर तो सरळ अन्याय होता आणि त्याला त्याची चीड होती. पण त्या सगळ्या वर्षांत, ज्याचा हात त्या खोलीत पियानोवर होता त्याचं नाव कागदावर नव्हतं, आणि जो कागद विकत होता त्याचं होतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

कीथ रिचर्ड्सने जी गोष्ट पकडली ती कुठल्याही पेटीवाल्याच्या लगेच लक्षात येईल. बेरीची बरीच गाणी ज्या पट्ट्यांत आहेत त्या गिटारवाल्याच्या नाहीत. गिटारवाला स्वतःहून गाणं बांधायला बसला तर मोकळ्या तारा जिथे कामी येतात त्या पट्ट्या धरतो: ई, ए, डी. बेरीच्या गाण्यांत ई फ्लॅट आणि बी फ्लॅट भेटतात, आणि या पट्ट्या पियानो आणि सॅक्सोफोनवाल्यांच्या हाताखालच्या. म्हणजे गाणं पियानोपाशी बसून तयार झालं असणार. जॉन्सन नंतर सांगत असे तेही असंच, की चक शब्द घेऊन यायचा आणि मग दोघं बसून संगीत जुळवायचे. हे मी काकांना फोनवर सांगितलं तर पलीकडून लगेच आवाज आला, "काळी दोनचं गाणं आहे की पांढरी चारचं, यावरून कुणाच्या गळ्याला आणि कुणाच्या हाताला धरून बसवलंय ते कळतंच की."

१९६०च्या दशकापासून बेरीने स्वतःचा कायमचा बँड ठेवणंच सोडून दिलं. गिटार घेऊन एकटा शहरात उतरायचा, पैसे आधी मोजून घ्यायचा, आणि आयोजकांनी जमवलेल्या स्थानिक वादकांबरोबर तालीम न करता वाजवायचा. १९७३मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात त्याच्यामागे तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्याचा बँड होता. आज काय वाजवायचं याचा पत्ता त्यांनाही नव्हता. बेरीची बाजू मला कळते. गोऱ्या मालकांनी, आयोजकांनी, कंपन्यांनी ज्याला इतकं नागवलं, तो रोख रकमेशिवाय कशावर विश्वास ठेवणार? त्याच्या शब्दांसारखे शब्द रॉकमध्ये फार थोड्यांना सुचले. पण ती नंतरची ध्वनिमुद्रणं ऐकताना चुकल्यासारखं होतं. मागे कोणीतरी वाजवतंय, स्वर बरोबर आहेत, लय बरोबर आहे, आणि गायकाचा पुढचा श्वास कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. जॉन्सनला ते माहीत असे. त्या काळात जॉन्सन सेंट लुईसमध्ये वृद्धांची ने-आण करणारी बस चालवत होता.

२००० साली त्याने दावा लावला. पन्नासहून जास्त गाण्यांच्या रचनेत आपला वाटा आहे, असं त्याचं म्हणणं. २००२मध्ये न्यायालयाने तो दावा फेटाळला, आणि कारण दिलं ते इतकंच की फार वर्षं उलटून गेली. पियानोवर कोण काय रचत होतं, या प्रश्नाला हातच लागला नाही. दरम्यान २००१मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला होता, साथीदारांसाठी तिथे तेव्हा वेगळा विभाग होता त्यात. मला त्या विभागाबद्दल आनंद होतो आणि रागही येतो. वेगळा दरवाजा केला म्हणजे मुख्य दरवाजा कुणासाठी आहे हे ठरूनच गेलं.

मघाशी स्टेशनवर आला होता तो ओटिस स्पॅन. १९६०च्या जुलैत न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात गर्दीने दंगा केला, महोत्सव गुंडाळायची वेळ आली, आणि मडी वॉटर्सच्या कार्यक्रमाच्या शेवटी कवी लँगस्टन ह्यूजने तिथल्या तिथे निरोपाचं एक गाणं लिहून दिलं. ते मडीने गायलं नाही, पियानोवर बसलेल्या स्पॅनने गायलं. वाजवणारा गायला बसला की जसं गातो तसं, स्वर जपून, शब्द थोडे गिळत. हा माणूस १९७०मध्ये चाळिशीत गेला आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९९९ उजाडलं. त्यासाठी पैसे गोळा केले ते ऐकणाऱ्यांनी.

'किलिंग फ्लोअर'मध्ये समलिनच्या मागे आणखी एक गिटार आहे, ती बडी गाय नावाच्या वादकाची. लुइझियानातून १९५७मध्ये शिकागोला आलेला हा तरुण चेसच्या स्टुडिओत बराच काळ इतरांच्या मागे वाजवत राहिला. त्याचं स्वतःचं आक्रस्ताळं, मोठ्या आवाजातलं वाजवणं मालकांना नको होतं. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला तेव्हा मुख्य नाव त्याचं होतं. सत्तरी ओलांडलेला तो माणूस गिटार कुजबुजत ठेवायचा आणि मग एकदम कानठळ्या बसवायचा. हिंदी सिनेमाची असंख्य गाणी ज्या वास्तूत चित्रित झाली तिथे मी हे ऐकत होते. शिकागोच्या त्या खोलीत वुल्फच्या आवाजाखाली जे दोन हात हळू चालत होते, त्यातला एक इथे आला होता, एवढंच डोक्यात होतं. समलिन तेव्हा हयात होता, आणि त्याला कधी प्रत्यक्ष ऐकायचं राहून गेलं याची रुखरुख आजही आहे.

आता काकांना मी गाणी पाठवते तेव्हा खाली वादकांची नावं लिहून पाठवते, जेवढी खात्रीची आहेत तेवढी. ते उत्तरात मत कळवतात. ढोल जरा पुढे पळतोय. पियानोवाल्याने इथे थांबायला हवं होतं. मागच्या आठवड्यात मी त्यांना जॉनी जॉन्सनची १९९१ची रेकॉर्ड पाठवली. तिच्यात 'टँकरे' नावाचं गाणं आहे आणि ते जॉन्सन स्वतः गातो. तोवर पासष्टी उलटलेली, आवाज साधा, कुठलाही आव नाही. दोन ओळी गायल्या की हात लगेच पियानोकडे वळतात आणि तिथे मग तो घाई करत नाही. या रेकॉर्डवर साथीला कीथ रिचर्ड्स आहे, आणि वर मोठ्या अक्षरात नाव जॉन्सनचं.